मेलेले मासे : शून्य

मेलेले किती, एवढंच आमचा कायदा विचारतो. मासे कसे आहेत, काय करतायत, सुखात आहेत की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तक्त्यात दोनच रकाने, जिवंत आणि मृत. गेली अकरा वर्षं मी ते रकाने भरते आहे, म्हणून कचेरीत मला सगळे मासेबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्याचं मला काही वाटत नाही. पाठीमागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे, आणि मी त्यांना काय म्हणते ते त्यांनी न विचारलेलं बरं.

काम आधी समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जमिनीतून तेल उपसलं की तेलाबरोबर पाणीही वर येतं. एक पिंप तेलामागे चार पिंपं पाणी. खारट, काळपट, आणि वास असा की अंगावरचे कपडे दोनदा धुतल्याशिवाय जात नाही. पूर्वी ते पाणी खोल विहिरींतून परत खालीच ढकलून देत. मग पावसाने सलग तीन वर्षं हात आखडला, आणि कुणीतरी म्हणालं, हे पाणी धुऊन परत का वापरू नये? कल्पना वाईट नव्हती. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. मग नियम झाले. धुतलेलं पाणी आधी नव्या विहिरी खणायला द्यायचं ठरलं, मग रस्त्यावरची धूळ बसवायला, मग झाडांना. आणि गेलं दीड वर्ष, तात्पुरत्या परवान्यावर, ते गावाबाहेरच्या तळ्यात सोडत होते. त्या तळ्यातून गावाचा नळ. तात्पुरता परवाना त्या शुक्रवारी संपत होता. कायमचा द्यायचा की नाही ते माझ्या अहवालावर ठरणार होतं.

धुतलेल्या पाण्यात अठ्ठावीस पदार्थ मोजावे लागतात. ते यंत्र मोजतं. पण यंत्राला ज्याचं नाव घेऊन विचाराल तेच ते शोधतं, न विचारलेल्याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. म्हणून शेवटची परीक्षा माशांची. एका काचेच्या टाकीत धुतलेलं पाणी, शेजारच्या टाकीत साधं स्वच्छ पाणी, दोन्हींत बोटाएवढे दहा-दहा मासे. चार दिवस ठेवायचे. पहिल्या टाकीत दुसरीपेक्षा जास्त मेले तर पाणी नापास. दुसरीला आम्ही साक्षीची टाकी म्हणतो. त्या साक्षीसाठी पूर्वी डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी यायचं. गाडीचा अख्खा दिवस जायचा, पिंपं चढवताना-उतरवताना माझी कंबर जायची. शेवटी तीन वर्षांपूर्वी मीच टिपण लिहिलं, की नळाचं पाणी तासभर उघडं ठेवून वापरल्यास चालेल. नियमात फक्त 'स्वच्छ पाणी' एवढंच आहे, कुठलं ते नाही. साहेबांनी आनंदाने शिक्का मारला. साहेब मला पहिल्यापासून पाण्यात बघतात, पण त्या दिवशी बिस्किटं मागवली होती.

आता घरचं. मी लेकीकडे राहते. जावईबापू त्याच पाणी धुण्याच्या कारखान्यात पाळीप्रमुख आहेत. माणूस सज्जन, पण पाण्याबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. आणि आमची नात, बिट्टी, अडीच वर्षांची. दीड वर्षापूर्वी ती पहिलं पाऊल टाकत होती, त्याच आठवड्यात तळ्यात पाणी सोडायला सुरुवात झाली. तिचं दूध त्या पाण्यात, तिचा भात त्या पाण्यात. माझी शुक्रवारची सही म्हणजे बिट्टीच्या पेल्यावरची सही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी इतकी वर्षं एकही मासा मोजायला चुकले नव्हते.

रविवारी माझी मोठी बहीण आली. ताई डोंगरावर राहते, त्याच झऱ्याच्या गावात. बसमधून उतरली ती वीस-वीस लिटरचे दोन डबे घेऊन.

"हे काय गं?" मी म्हटलं. "आमच्याकडे वाळवंट आहे का?"

"मागच्या खेपेला तुमचं पाणी मला बाधलं. आठ दिवस डोकं जड होतं. माझं पाणी मी आणलंय, तुला काय त्रास?"

"उद्या हवा पण घेऊन येशील पिशवीत."

"आणली असती. तुझ्या कचेरीची परवानगी लागेल म्हणून नाही आणली."

ताईशी बोलण्यात मी आजवर जिंकलेले नाही.

सोमवारी सकाळी चाचणी सुरू करायची, तर प्रयोगशाळेतला नळ कोरडा. रस्त्यावर जलवाहिनी खणून ठेवली होती, दुपारपर्यंत पाणी नाही म्हणे. चार दिवस शुक्रवारी दुपारी पुरे व्हायचे तर मला थांबायला वेळ नव्हता. मी घरी जाऊन ताईचा एक डबा उचलून आणला. ती मागून ओरडत राहिली. साक्षीच्या टाकीत झऱ्याचं पाणी भरलं, दोन्हींत मासे सोडले, घड्याळ लावलं, आणि माझ्या टेबलापाशी बसले. माझं टेबल पूर्वी दाराकडे तोंड करून होतं. वर्षभरापूर्वी मी ते फिरवून भिंतीकडे केलं. उजेड डोळ्यांवर येत होता, असं काहीतरी कारण होतं.

मंगळवारी सकाळी दार उघडलं आणि पिशवी न ठेवताच टाक्यांपाशी गेले. साक्षीच्या टाकीतले मासे पिसाळले होते. एक वर, एक खाली, दोघं एकमेकांच्या मागे लागलेले, एक हवेच्या नळीमागे दडलेला. एक तर उगाच गिरक्या घेत होता. शेजारच्या टाकीतले, धुतलेल्या पाण्यातले, नेहमीसारखे शहाणे. दहाच्या दहा डाव्या काचेला, एका ओळीत, तोंडं काचेकडे करून उभे. कल्ले तेवढे हलत होते.

मी साहेबांना बोलावलं. ते चहाचा कप हातात घेऊन आले. आमच्या साहेबांना सगळे शिक्केसाहेब म्हणतात, कारण शिक्क्याशिवाय त्यांचा हात कधी रिकामा दिसत नाही. त्या दिवशी कप होता म्हणून ओळखायला वेळ लागला.

"हे असं का करतायत?" त्यांनी साक्षीच्या टाकीकडे बोट केलं.

"पाणी बाधलं असणार. डोंगरावरचं होतं."

"मग कुणी सांगितलं होतं डोंगर आणायला? ओतून टाका. नळ आलाय. नव्याने सुरू करा, वेळ मागचीच लिहा."

वेळ मागची लिहा, हे ऐकून मी एरवी त्यांना फाडून खाल्लं असतं. पण खरं सांगते, त्या वेळी मलाही ते मासे बघवत नव्हते. इतकं हलतात कशाला, असं वाटत होतं. साहेब गेले आणि मी बादली उचलली.

तेवढ्यात ताई आली. मी जेवणाचा डबा घरी विसरले होते, तो घेऊन, बिट्टीचं बोट धरून. डबा टेबलावर आपटला, पाणी पळवल्याचा राग होताच, आणि मग टाक्यांकडे बघत उभी राहिली.

"हातात बादली कशाला?"

"हे मासे आजारी पडलेत. टाकून देतेय."

"कुठले?"

मी दाखवले. ताईने एकदा मासे बघितले, एकदा मला, आणि हसायलाच लागली.

"अगं, आजारी कसले? मासे असेच असतात. पोहतात ते! अकरा वर्षं मासे सांभाळतेस ना तू?" मग तिने शेजारच्या टाकीत वाकून बघितलं आणि तिचं हसणं थांबलं. "हे का उभे आहेत? कुणाची वाट बघतायत?"

उभे असतात. नेहमी असतात. मला तरी तसंच आठवत होतं.

बिट्टी ताईचा हात सोडून त्या शहाण्या माशांच्या टाकीपाशी गेली. काचेला नाक लावलं नाही की टिचक्या मारल्या नाहीत. ती टाकीच्या शेजारी उभी राहिली, माशांनी जिकडे तोंड केलं होतं तिकडेच तोंड करून. पुढे नुसती पांढरी भिंत होती.

"तिकडे," बिट्टी म्हणाली.

"काय आहे गं तिकडे?" ताईने विचारलं.

"तिकडे," ती पुन्हा म्हणाली, आणि उभीच राहिली.

त्या दोघी गेल्यावर मी बादली जागेवर ठेवली. माझी एक सवय आहे. मला हे काम शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, नुसते मोजू नका, बघा. म्हणून रोज दुपारी बारा वाजता मी वहीत दोन चौकोन काढते आणि कोणता मासा कुठे आहे तिथे टिंब देते. कायद्यात याला जागा नाही. कुणी ती वही कधी मागितली नाही, आणि मीही काढलेलं पान पुन्हा उघडलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत. त्या दुपारी मी मागची पानं उलटत बसले.

तीन वर्षांपूर्वीच्या चौकोनांत टिंबं विखुरलेली होती, कुठेही, कशीही. दोन वर्षांपूर्वीही तशीच. मग दीड वर्षापूर्वीच्या पानांवर धुतलेल्या पाण्याच्या चौकोनातली टिंबं डावीकडे सरकायला लागली होती. पुढच्या महिन्यात साक्षीच्या चौकोनातलीही सरकली होती. त्यानंतर प्रत्येक पानावर, दोन्ही चौकोनांत, दहाच्या दहा टिंबं डाव्या रेघेला चिकटलेली. माझ्या हातची टिंबं, माझ्या पेनातली शाई. चारशेच्या आसपास पानं मी तशी काढली होती, आणि एकदाही मला काही वेगळं वाटलं नव्हतं.

मी धुतलेल्या पाण्याची टाकी चाकांच्या फळीवर सरकवली आणि हळूहळू अर्धी फिरवली. पाणी डचमळलं. मासे डचमळले नाहीत. टाकी फिरली आणि ते तिच्या आत उलटे फिरत गेले, एका ओळीत, आणि पुन्हा त्याच भिंतीकडे तोंड करून थांबले. साक्षीची टाकी तशीच फिरवली, तर तिच्यातले मात्र घाबरून सैरावैरा पळाले, जसं कुठल्याही माशाने पळावं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. तळ्यात ते पाणी सोडलं. तळ्यातून नळाला आलं. नळातून मी साक्षीच्या टाकीत भरलं, माझ्याच टिपणाप्रमाणे. दीड वर्ष मी त्या पाण्याची साक्ष त्याच पाण्याकडून काढत होते. दोन्ही टाक्या सारख्या दिसणारच! अगं मेले, अक्कल कुठे गहाण टाकली होतीस, असं मी मोठ्याने म्हणाले. बाहेरून कुणीतरी डोकावलं. मासेबाई माशांवर डाफरतायत असं समजून निघूनही गेलं.

संध्याकाळी घरी ताईने स्वयंपाक केला, तिच्या उरलेल्या डब्यातल्या पाण्याने. आम्ही जेवायला बसलो. मी, लेक, जावई, मधल्या उंच खुर्चीत बिट्टी. ताई वाढून झाल्यावर समोर येऊन बसली आणि आमच्याकडे बघतच राहिली.

"एक विचारू? तुम्ही सगळे एकाच बाजूला का बसता? बसची वाट बघत असल्यासारखे?"

खरंच होतं. चौकोनी टेबल, आणि आम्ही चौघं एका कडेला खांद्याला खांदा लावून. दुसऱ्या कडेला ताई एकटी.

"इकडे पंख्याचा वारा लागतो, मावशी," लेक म्हणाली.

"पंखा बंद आहे."

"टीव्ही दिसतो," जावई म्हणाले.

टीव्ही आमच्या मागे होता. चालू होता. आम्ही त्याच्याकडे पाठ करून तो ऐकत होतो, आणि मला आठवेना की शेवटचा मी तो बघितला कधी.

"जावईबापू," मी सरळच विचारलं, "या भिंतीच्या दिशेने गेलं, घरं, तळं, सगळं ओलांडून, तर काय लागतं?"

त्यांना मान वळवावी लागली नाही. ते तिकडेच बघत होते.

"नऊ नंबर. सगळ्यात जुनी तेलविहीर. बंद होती, दीड वर्षापूर्वी पुन्हा उघडली. आमचं निम्मं पाणी तिथूनच वर येतं." त्यांनी घास चावला. "हल्ली जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिथेच जातो. पाळीतले सगळे. कठड्याला धरून उभे राहतो थोडा वेळ."

"करता काय तिथे?"

"काही नाही. बरं वाटतं." ते हसले, अगदी नेहमीसारखे. "सुट्टी संपली की भोंगा दोनदा द्यावा लागतो आता. एकदा दिला तर कुणी हलत नाही."

ताईने माझ्याकडे बघितलं. लेक भाजी वाढून घेत होती आणि पळी भांड्याच्या बाहेर टेकत होती, कारण तिचं लक्ष भांड्याकडे नव्हतं. हीच माझी लेक, जिची नजर पूर्वी बिट्टीवरून क्षणभर हलत नसे, मुलगी पलीकडच्या खोलीत गेली तरी जिचा जीव वरखाली व्हायचा. मी ताट बाजूला सारलं.

शुक्रवारी बारा वाजता चार दिवस पुरे झाले. दोन्ही टाक्यांत सगळे जिवंत. मी वही, अहवाल आणि माझा सगळा राग घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. वर्षभर मी त्या खोलीत साहेबांच्या डाव्या कानाशी बोलत आले आहे. ते खुर्ची तिरपी करून बसतात, दाराकडे कधी तोंड नसतं. मी तो माज समजत होते.

"मेलेले किती?" त्यांनी विचारलं.

"शून्य. पण साहेब..."

"साक्षीच्या टाकीत?"

"शून्य. साहेब, आधी ही वही बघा. हे पाणी पास करायचं नाही. त्यात काय आहे मला माहीत नाही, अठ्ठावीसांत ते नाही, पण काहीतरी आहे. मासे पोहत नाहीत, नुसते उभे राहतात, नऊ नंबरकडे तोंड करून. आणि मासेच नाहीत..."

"उभं राहायला नियमात बंदी आहे का?"

"साहेब!"

"नाही, मला कलम दाखवा. किती वेळ उभं राहिलं तर नापास, किती अंशाच्या कोनात. आहे का?" ते चिडलेले नव्हते. आवाज मऊ होता, झोपाळलेला. "उलट तुमच्या झऱ्याच्या पाण्यातले मासेच बिघडलेत. साक्ष बिघडली की ती बाद धरायची आणि नळाच्या पाण्याने पुन्हा घ्यायची, हे तुमच्याच टिपणात आहे. मी वाचून दाखवू?"

"माझं टिपण चुकलं! मी लिहून देते की चुकलं. पण आज सही करणार नाही. घरी माझी अडीच वर्षांची नात हे पाणी पिते."

"माझेही दोन नातू पितात," साहेब म्हणाले. "शांत झालेत हल्ली. पूर्वी घर डोक्यावर घ्यायचे."

ते हे कौतुकाने सांगत होते. त्यांनी घंटी वाजवली, दुसऱ्या पाळीच्या तपासनीसाला बोलावलं, आणि त्याने माझ्या नावाच्या खाली, मी मोकळ्या सोडलेल्या जागेच्या खाली, सही केली. वाचलंसुद्धा नाही. साहेबांनी कागदाकडे न बघता शिक्का मारला. तो मात्र बरोबर जागेवर बसला. कुंपणच शेत खायला लागलं तर शेताने जायचं कुठे? मी वही पोटाशी धरून बाहेर पडले. वरच्या कचेरीत जायचं, वही त्यांच्या पुढ्यात टाकायची, आणि बघत नाहीत तोवर हलायचं नाही, असं मी जिन्यावरच ठरवलं. ती कचेरी लांबच्या शहरात आहे, तिथला नळ आमच्या तळ्याचा नाही. पण त्याआधी बिट्टीला इथून काढायचं होतं.

घरी आले तर लेक खिडकीपाशी उभी होती, भिजवलेले कपडे तसेच बादलीत.

"मी बिट्टीला ताईकडे नेते," मी म्हटलं. "महिनाभर. तूही चल. आत्ताच्या आत्ता, दोनच्या बसने."

मी भांडणाची तयारी ठेवून आले होते. काय काय बोलायचं ते रस्त्याने घोकलं होतं. ती म्हणेल वेडी झालीस का, माझी पोर महिनाभर माझ्याशिवाय राहील का. मग मी तिला वही दाखवणार होते.

"ने की," लेक म्हणाली.

"अगं, महिनाभर म्हणतेय मी."

"हो, ने ना. मी नाही येत. इथून हलावंसं नाही वाटत, आई." बिट्टीने तिच्या पायाला मिठी मारली, तिने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे खिडकीबाहेर. मी तिचा दंड धरून हलवलं, ओरडले, रडलेसुद्धा. ती म्हणाली, "आई, बस चुकेल." ताईने मला ओढत बाहेर काढलं. लेकीला मी परत येऊन नेणार आहे, हे मी तेव्हाही म्हणाले आणि आताही म्हणते.

बसमध्ये खिडकीशी मी, मांडीवर बिट्टी, शेजारी ताई. वही माझ्या पिशवीत, पिशवी पायांत. गाव सुटलं तशी बिट्टी माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागली. मला वाटलं, आईला शोधतेय पोर, आणि माझा जीव तुटला. मग डोंगर लागला. पहिल्या वळणावर बस उजवीकडे वळली आणि बिट्टीचा चेहरा माझ्या खांद्यावरून सरकत खिडकीकडे आला. पुढच्या वळणावर तो खिडकीकडून पुढे, चालकाच्या पाठीकडे गेला. बस उलटी वळली, तसा तो आला त्या वाटेने परत माझ्या खांद्यावर. ती डुलत नव्हती, इकडेतिकडे बघत नव्हती. बस फिरत होती, तिचं तोंड फिरत नव्हतं. टाकीतले मासे फिरले तसं.

"ताई, बघितलंस?"

"बघतेय," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "माझ्याकडे दे तिला. तुझे पाय आखडले असतील."

मी बिट्टीला दिलं. ताईने तिला पोटाशी घेतलं, पिशवीतून बाटली काढली आणि झऱ्याचं पाणी पाजलं. बिट्टी घटाघटा प्यायली. मला जरा धीर आला. मी ताईला म्हटलं, होईल हिला बरं, लहान आहे, दीड वर्षाचंच पाणी आहे अंगात, निघून जाईल. सोमवारी मी वरच्या कचेरीत जाते. माझं चुकलेलं टिपण आधी त्यांच्यापुढे ठेवते आणि मग वही. पुन्हा साक्षीला झऱ्याचंच पाणी हवं, हे कलमात घालायला लावते. रकाना तिसरा पाडायला लावते. मी बराच वेळ बोलत होते. बस वळणं घेत वर चढत होती.

"सगळं करू," ताई म्हणाली. "पण आधी माझ्याकडे बघून बोल."

"बघूनच बोलतेय की."

बिट्टीला एका हाताने सावरून दुसऱ्या हाताने ताईने माझी हनुवटी धरली, आणि लहानपणी वेणी घालताना वळवायची तशी माझी मान आपल्याकडे वळवली. तिचे डोळे भरलेले होते. ते मला इतका वेळ दिसले कसे नाहीत, असं मी म्हणणार होते.

मग पुढचं वळण आलं, बिट्टीला धरायला तिने माझी हनुवटी सोडली, आणि तिचे डोळे मला दिसेनासे झाले.